‘कावून’ला मिळालेलं उत्तर

विनायककाका नसते, तर मी आज मुंबईत नसते. हे आधीच सांगते, कारण गावाकडं सगळे मलाच शाबासकी देतात आणि ती ऐकताना मला कसंतरीच होतं.

घाटनांदूर स्टेशनवर दादा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले, तेव्हा दुष्काळानं जनावरं छावणीत होती. गावची दूध सोसायटी बंद पडली होती आणि तिथं माप घालणारे दादा घरी बसले होते. माझी शाळा आठवीतच सुटलेली, शिवण तेवढं यायचं. गाडी हलली तसे दादा म्हणाले, "तिकडं जरा कमीच बोल बाई. आपल्या बोलण्याला हसतेत."

मी ऐकलं. मुंबईतल्या आत्यानं मला गोरेगावला एका विनोदी मालिकेत कपड्यांच्या खात्यात चिकटवलं. हुक लावायचे, उसवलेलं शिवायचं, गप्प राहायचं.

विनायककाका त्या मालिकेत वरच्या मजल्यावरचे पुणेरी पेन्शनर. नायक बदलले, नायिका बदलल्या, काका राहिले. दार ढकलून आत यायचं, एक खोचक वाक्य टाकायचं आणि जायचं, एवढंच काम. पण त्या वाक्याआधी ते चष्मा असा काही पुसायचे, की लाइटवाले आधीच हसू दाबायचे. मला वाटायचं, हा माणूस पेठेतच जन्मला असणार.

एकदा मोलकरणीचं काम करणारी बाई आलीच नाही. तिचं पोलकं मला बरोबर बसलं, म्हणून मला उभं केलं. वाक्य एकच होतं, "काका, मला का बोलावलं?" कॅमेरा सुरू झाला आणि मी म्हणाले, "काका, मला कावून बोलावलं?" परत घेतलं. परत कावून. जितकं आवरावं तितकं तेच तोंडात.

दिग्दर्शक वैतागले. "अहो, हे काय चाललंय? दुसरी कुणी बघा."

आता शिवणाचंही काम जाणार. आणि परत जाऊन खायचं काय?

"एकदा घ्या," काका म्हणाले.

मी परत तेच म्हणाले. काकांनी सावकाश चष्मा पुसला. "कावून म्हंजे? चहा सांडलाय, पुसायला. आन् थरथरायलीस कावून? मी काय वाघ हाय का?"

सगळा सेट हसला. दिग्दर्शकांनी विचारलं, "काका, ही भाषा कुठून उचललीत?"

"उचलली न्हाई. परळीचा हाय मी."

परळी म्हणजे आमच्या घाटनांदूरच्या जवळचीच, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या कामाच्या वेळी त्यांच्या बोलण्याला हसून त्यांना हाकललं होतं. तेव्हापासून ती बोली त्यांनी दडवून ठेवलेली. इतक्या वर्षांचा पुणेरी माणूस त्यांनी माझ्यासाठी पणाला लावला. पुढं लेखकांनी त्या पेन्शनरचं बालपणच परळीला नेलं, आणि मोलकरीण म्हणून मी मालिकेत कायमची राहिले. मेकअपरूममध्ये काका एवढंच म्हणाले, "लई बरं वाटलं गं पोरी."

आता मीही "शॉट रेडी हाय का?" असं बोलते. कुणी हसत नाही, तरी प्रत्येक टेकआधी पोटात गोळा येतो. माझ्यासाठी घर म्हणजे जिथं तो येत नाही ती जागा.

काकांचं परळीत आता कुणी नाही. भाऊ गेले, घर विकलं गेलं. काका, एक दिवस तुम्हाला मी घाटनांदूरला नेणार. आईच्या ओसरीवर बसवणार आणि शेजारपाजार गोळा करणार. तुम्ही संध्याकाळपर्यंत आपलं बोला. तिथं तुम्हाला कुठल्याच शब्दाचा अर्थ सांगावा लागणार न्हाई.