अप्पांना नेलेला मलिदा

सून मलिद्यासाठी भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, गूळ आणि वेलदोडा कालवायला लागली, की त्या वासानं मला सोलापुरातली एक दुपार आठवते.

मी लिंगायत घरातली. सत्तरच्या दशकात बेने इस्रायली मुलाशी लग्न ठरलं आणि मी यहुदी झाले. धर्म घेताना शिकवलं होतं, परक्यावरही आपल्या माणसासारखी माया करायची. शेजारच्या तेलुगू बायका, गल्लीतला अत्तरवाला, सगळ्यांवर ती सहज जडली. फक्त ‘तू आम्हाला मेलीस’ म्हणणाऱ्या माझ्या वडिलांवर, अप्पांवर, जडेना.

लग्नानंतर घरात पहिल्यांदा मलिदा, म्हणजे बेने इस्रायली घरांतला नवसाचा प्रसाद, झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “पहिलं ताट अप्पांना नेऊन दे.”

मी चडफडतच त्यांच्या कापडाच्या दुकानात गेले. समोर गिऱ्हाइकं बसली होती, सगळी लिंगायत समाजातली, धर्म सोडलेल्या मुलीच्या हातचं खाल्लं तर नावं ठेवणारी. अप्पा कापड मोजत राहिले. मी ताट गादीवर ठेवून वळले, तोच मागून आवाज आला, “गूळ कमी पडलाय की.”

अप्पा सगळ्यांदेखत खात होते.

तेव्हा मला वाटलं, मी त्यांना माफ केलं. आज त्यांच्या वयाची झाल्यावर कळतं, त्या दुपारी जास्त माया त्यांनीच केली, आणि ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.