कडक चाप

खंडेनवमीला आमच्या बेव्हर्ली पार्क सोसायटीतल्या घरी पलटणीतले तीन-चार जुने जवान जमायचे. मी आर्मरर हवालदार, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा. पेन्शनवर आलो तरी लायसन्सची हत्यारं असलेले पूजेआधी ती माझ्याकडून साफ करून घ्यायचे. झेंडू, हळद-कुंकू, मग बायकोच्या हातचं मटण. तेवढ्यावर आम्ही खूष.

दोन हजार सहा साली नाईक सावंत सगळ्यांच्या आधी आला. राहायला जवळच गोडदेवला, नोकरी एका सराफाकडे बॉडीगार्डची. पिस्तूल रिकामं करून त्याने टेबलावर ठेवलं आणि खिशातून पुडी काढली. आत नवी कोरी स्प्रिंग.

"उस्ताद, ही बसवून द्या. बाहेरच्या देशातली आहे. चाप लोण्यासारखा होतो म्हणे."

"आणि आतल्या स्प्रिंगला काय रोग झालाय?"

त्याने उजवा हात पुढे केला. पहिलं बोट अर्धंच वाकत होतं. "दिवाळीनंतर शेठ नेमबाजीच्या रेंजवर नेतोय. निशाणा लागला नाही तर नोकरी गेली. हा चाप ओढताना नळी हलते. पोरीचं कॉलेज चालू आहे, उस्ताद."

मला राग आला, असल्या वस्तू विकणाऱ्यांचा. "शहाण्या, स्प्रिंग मऊ झाली की काडतुसाच्या बुडावर बसणारा घोड्याचा फटका हलका होतो. आपल्या काडतुसाच्या बुडाची टोपी कडक. नऊ वेळा फुटेल, दहाव्यांदा नुसतं टक् करेल."

"रेंजवर टक् झालं तर दुसरी भरीन."

"आणि दुकानाच्या दारात?"

तो उसळला. "तुम्हाला काय, तुमची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत!"

खरंच होतं ते. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि आजवर न बोललेली गोष्ट सांगितली.

पलटण तेव्हा काश्मीरमध्ये होती. लान्स नाईक महाडिककडे रॉकेट लाँचर, म्हणून जोडीला पिस्तूल. रोज माझ्या कोतीत, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, येऊन डोकं खायचा. "उस्ताद, स्प्रिंगचा एक वेढा कापा ना. हा चाप आहे की विहिरीचा रहाट?" मी हाकलायचो. जाताना माझा चहा पिऊन जायचा, लेकाचा.

एका सकाळी गावाला कॉर्डन, म्हणजे जवानांचा घेरा, लागला. मी कोतीत, शेजारी रेडिओ सेट. एका घराच्या दारात सावंतच्या हाताला गोळी लागली, रायफल पडली. मागे महाडिक होता. एवढ्या जवळून रॉकेट मारता येईना. त्याने पिस्तूल काढलं आणि सावंतला मागे ओढत अख्खं मॅगझिन रिकामं केलं. दारातला अतिरेकी पडला. आतल्या दुसऱ्याची गोळी महाडिकला लागली.

सेटवर आवाज आला. "दोन कॅज्युअल्टी. एक वॉकिंग. ओव्हर." वॉकिंग म्हणजे जखमी, पण पायांवर चालणारा.

"दुसरा कोण? ओव्हर."

"महाडिक. महाडिक गेला, साहेब."

ओव्हर म्हणायचं ऑपरेटर विसरला.

संध्याकाळी ते पिस्तूल माझ्याकडे जमा झालं. मॅगझिन रिकामं, चेंबर रिकामं. एकही गोळी अडली नव्हती. साफ करता करता मी रडलो.

सावंतला बाकी सगळं ठाऊक होतं. स्प्रिंगचं ठाऊक नव्हतं. "तो वेढा कापायला सांगायचा?"

"रोज."

त्याने पुडी खिशात घातली. "मग माझ्या बोटाचं काय करू?"

"हाताला लागतं ते बदलू. टोपीला लागतं त्याला हात लावायचा नाही. आणि मधलं बोट काय नुसतं शोभेला आहे?"

लायसन्सवाल्या दुकानातून त्याने पातळ ग्रिप बसवून घेतली. मग रोज रिकाम्या पिस्तुलावर मधल्या बोटाने सराव. शेजारीण विचारायची, "भैया, दिनभर ये टक्-टक् क्या है?" हा म्हणायचा, "मच्छर मार रहा हूँ, भाभी."

रेंजवर मीही गेलो. सगळ्या गोळ्या फुटल्या. चार निशाण्याबाहेर गेल्या, बाकी आत. शेठ कानात बोटं घालून उभे. "बस कर, सावंत! तू पक्का. मेरा कान गया!"

सावंत हसत माझ्याकडे आला. "महाडिकच्या आईला फोन लावा."

सावंत तिला अधूनमधून फोन करायचा, रेंजचं तिला ठाऊक होतं. साताऱ्याकडच्या खेड्यातून ती ओरडली, "पास झाला? ब्येस झालं! मग आता या दोघं. भात उभं हाय, कापाय माणूस न्हाई."

गेलो. सावंतला त्या हाताने विळा नीट धरवेना, पण सोडेना. आई आम्हाला मनसोक्त शिव्या घालत होती. फार बरं वाटलं. ऊन चढल्यावर तिने बांधावरून हाक मारली. सवयीने पोराचंच नाव आलं तोंडात.

"पांडू, जेवाय ये रं!"

सावंतने विळा खाली ठेवला.

"आलो गं आई," म्हणाला, आणि बांधाकडे निघाला.