धूरकाकांचा कप

आमच्या ह्यांना गल्लीत धूरकाका म्हणतात. आरोग्य खात्यात डासांवर धूर सोडायचं काम. खांद्याला मशीन लटकवून हे गल्लीत शिरले की ते मशीन असं बोंबलायचं की लोक फोन ठेवून दारात यायचे. मग सुरू व्हायची धुराची भीक. किराणावाला म्हणायचा, "काका, समोरच्याला जास्त सोडलात, मला नुसती फुंकर!" शिक्षिकाबाई गॅलरीतून ओरडायच्या, "इकडे पण एक झोत!" आणि झोत आला रे आला की धडाधड खिडक्या लावून घ्यायच्या. म्हणजे धूर बाहेर, डास आत, आणि सगळे खूश. डास मेलेला कुणी पाहिला नव्हता, पण धूर सगळ्यांना दिसायचा ना!

हे घरी यायचे ते लढाई जिंकून आल्यासारखे. डिझेलच्या वासाचे कपडे मी धुवायचे, खोकल्याचं औषध मी द्यायचं आणि पराक्रम ह्यांचा ऐकायचा. "आज मागची गल्ली साफ केली," म्हणायचे. साफ कसली, दुसऱ्या दिवशी तिथलीच माणसं दवाखान्याच्या रांगेत. पण तसं बोललं की ह्यांचं तोंड फुगायचं. "तुला यातलं काय कळतं?" नाही कळत बाबा. मला फक्त खोकला ऐकू येतो.

गेल्या वर्षी खात्याचा समारंभ झाला आणि साहेबांनी ह्यांना कप दिला. उत्कृष्ट कर्मचारी! चांगला घागरीएवढा कप, दोन बाजूंना दोन कान, खाली लाकडी बैठक. मी म्हटलं, कपाटात ठेवू.

"कपाटात? चोरून आणलाय का मी?"

शेवटी तो गॅलरीच्या कठड्यावर गेला, रस्त्यावरून दिसेल असा. तारेने बांधला, वाऱ्याने पडू नये म्हणून. कुणी हात लावायचा नाही. पुसायचा तोसुद्धा ह्यांनीच, तोही बाहेरून, कारण लोकांना बाहेरची बाजू दिसते. बरोबर त्याच्या डोक्यावर गच्चीतल्या टाकीचा पाइप. टाकी भरून वाहिली की थेंब थेंब गळायचं. मी सतरांदा सांगितलं, प्लंबर बोलवा. "बघू," म्हणायचे. ह्यांच्या 'बघू'वर मी संसार केलाय.

आता खात्याची एक रीत सांगते. धूर सोडणारे वेगळे आणि घरोघरी जाऊन साठलेलं पाणी तपासणाऱ्या बाया वेगळ्या. त्या बादल्या, पिंपं, कुंड्यांखालच्या थाळ्या बघतात आणि दारावर खडूने बरोबरची खूण करतात. पण खात्यातल्या माणसाचं घर आलं की वर कुणी चढत नाही. खालच्या दारावरच खूण, वर हाक, "काकू, येते हो!" आणि पुढे. आपल्याच माणसाच्या घरात शिरून बादल्या तपासायच्या म्हणजे त्याचा अपमान. आमच्या दारावर इतक्या खुणा होत्या की रंगाचा खर्च वाचला.

आणि मग आमची नात तापली. पहिलीतली पोर, दिवसभर गॅलरीत भातुकली मांडून बसणारी. आधी वाटलं, शाळेतून काहीतरी घेऊन आली. पण अंग फणफणलं, डोळे दुखतात म्हणून रडायला लागली, पाण्याचा घोट पोटात ठरेना. मुलगा आणि सून तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं तर डेंग्यू. प्लेटलेट उतरायला लागल्या. सुनेने माझा हात असा धरला की माझ्या बांगडीचा वळ उठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुठे पाणी साठतं का? हा डास स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो."

हे ताडकन उठले. "डॉक्टर, तुम्ही कुणाला विचारताय? डासांचं खातं आहे माझं! आमच्या घरात कसले डास?"

बाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी आल्यावर ह्यांनी काय करावं? मशीन आणून घरातच धूर सोडला! गाद्या, उशा, पोरीच्या बाहुल्या, सगळ्याला डिझेलचा वास. मी पदर नाकाला लावून जिन्यात बसले आणि मनात येईल ते बोलले. ते इथे सांगत नाही.

तेवढ्यात खडूवाली आली. नवीन मुलगी, हसरी. खालच्या दारावर खूण करून "काकू, येते हो!" म्हणून वळली. माझं डोकंच फिरलं. धावत खाली गेले आणि तिचं मनगट धरलं.

"येते नाही, वर ये! आमची पोर दवाखान्यात पडलीय. घरातला चमचान् चमचा बघ."

ती घाबरली. वर येऊन ह्यांच्याकडे चोरून बघायला लागली. हे म्हणाले, "बघ, बघ. समाधान होऊ दे काकूंचं." तिने मोरी बघितली, फ्रीजच्या मागचा ट्रे बघितला, माळा, फळ्या सगळं बघितलं. काही नाही. हे माझ्याकडे बघून हसले. मग ती गॅलरीत गेली, टाचा उंचावल्या आणि कपात बॅटरी मारली.

तिने बॅटरी पटकन विझवली.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी हे कुणाला सांगत नाही."

हे पुढे गेले. मीही डोकावले. कप अर्धा भरलेला, पाणी स्वच्छ, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. वर येत होत्या, खाली जात होत्या, अगदी मजेत. खाली पोरीची भातुकली तशीच मांडलेली होती.

ह्यांनी तार सोडवली. कप तापलेल्या फरशीवर उपडा केला, पाणी पसरलं, अळ्या तडफडल्या. हे तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "अगं, मीच पाळले गं. मीच." इतक्या वर्षांत मी ह्यांना पुष्कळ बोलले असेन, पण त्या दिवशी नुसतं फडकं आणलं आणि फरशी कोरडी केली.

पोर वाचली. प्लेटलेट चढल्या आणि एक दिवस तिने स्वतःहून खायला मागितलं, तेव्हा सून रडली आणि मी दवाखान्याच्या आयाला मिठी मारली. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, "आता जपा. पुन्हा झाला तर याहून अवघड जाऊ शकतं."

ह्यांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. मशीन बंद ठेवून घराघरात शिरायला लागले. शिक्षिकाबाईंच्या कुंड्यांच्या थाळ्या ओतल्या, किराणावाल्याचं उघडं पिंप उपडं केलं. झालं! गल्ली पेटली. धूरकाका कामचुकार झाले, दुसऱ्यांच्या मोऱ्यांत डोकावतात, धूर म्हणून सोडत नाहीत! खात्यात तक्रार गेली. साहेबांनी बोलावून समजावलं, "काका, पिंप उपडं केलेलं कुणाला दिसतं? धूर दिसतो. लोकांना काम दिसलं पाहिजे." हे मुकाट्याने परत मशीन लटकवून निघाले. गल्लीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिडक्या लावून घेतल्या.

यंदाही समारंभ झाला आणि यंदाही कप ह्यांनाच. ह्यांनी तो व्यासपीठावरच उपडा धरला. साहेब हसत कुजबुजले, "काका, उलटा धरलाय."

"सरळ ठेवला की पाणी साठतं, साहेब."

लोकांना वाटलं विनोद केला. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने ह्यांच्या हातातला कप सरळ करून फोटो काढला.

तो फोटो आता खात्याच्या ऑफिसात भिंतीवर लावलाय. परवा मी नातीला दाखवायला घेऊन गेले. फोटोखाली टेबल, टेबलावर काचेची भली मोठी फुलदाणी, काठोकाठ पाणी, फुलं केव्हाच वाळलेली. मी शिपायाला विचारलं, "बाबा रे, हे पाणी कधी बदलता का?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याच्या आईला शिवी दिली.

"काकू, हे आरोग्य खात्याचं ऑफिस आहे. इथे कसले डास?"

आणि आमची पोर माझ्या शेजारी उभी राहून दंड खाजवत होती.