आजी झोपली आहे

आई जाऊन आठवडा झाला होता आणि मुलीला मी अजून सांगितलं नव्हतं.

संगीतिकेची तिकिटं तिच्या नवव्या वाढदिवसासाठी केव्हाच काढून ठेवलेली होती. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट, गावोगाव फिरणारी मंडळी, इथे जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये दुपारचा एकच प्रयोग. सुतकात नाटक बघणं बायकोला पटत नव्हतं, म्हणून ती आली नाही. निघताना दारात ती हळू आवाजात म्हणाली, "तुझी आई आहे. तूच सांगायला हवं. आज सांग."

मी पुण्याला गेलो नव्हतो. वार्षिक तपासणीसाठी कंपनीचा प्लांट बंद आहे, त्या कामामुळे रजा मिळणार नाही, असं मी भावाला सांगितलं. खरं म्हणजे रजा मी मागितलीच नाही. मागितली असती तर साहेबांनी तिथल्या तिथे दिली असती. भावाने अग्नी दिला तो मी पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर पाहिला आणि मग वर जाऊन मीटिंगला बसलो. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही.

आजीला फोन लावू का, असं मुलगी रोज विचारायची. ती शाळेतून घरी येईपर्यंत तिकडे रात्र होते, म्हणून मी म्हणायचो, "आजी झोपली." परदेशात राहणारे आम्ही सगळेच हे वाक्य सर्रास वापरतो. आईशी बोलताना मी ते उलट बाजूनेही वापरलं होतं: तुला जागरण होईल, उद्या बोलू.

रंगमंचावर राजकन्येच्या बोटाला चरख्याच्या चातीचं टोक लागलं आणि सगळा राजवाडा जागच्या जागी झोपला. स्वयंपाकी डाव उगारलेल्या हाताने उभ्याउभ्याच घोरायला लागला. मुलगी खदाखदा हसली. मी तिच्याकडे बघून हसलो, पण आतून काहीच हललं नाही.

मध्यंतरात तिने खारा ब्रेझेल पाव खाता खाता बोटांवर हिशेब केला. घरात मी मराठीत बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. आजीशीही तसंच. आजीला एकही जर्मन शब्द कळत नसे, तरी ती प्रत्येक वाक्याला "हो का?" म्हणायची आणि दोघींचं अर्धा अर्धा तास चालायचं.

"आत्ता तिकडे साडेसात," ती म्हणाली. "आजी जागी असणार. तिला स्वयंपाक्याची गंमत सांगायचीये. लाव ना फोन."

"झोपली असेल."

ती चावता चावता थांबली. "एवढ्या लवकर?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी तिला घाईने आत नेलं.

उत्तरार्धात चाकांवरची काटेरी झुडपं बाजूला सरकली. एक मध्येच अडकलं, ते राजपुत्राने पायाने ढकललं. राजकन्या उठली, स्वयंपाक्याचा डाव खाली आला, पोरांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. माझी मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

कोट परत घ्यायला गार्डेरोबपाशी रांग होती. तिथे मी तिला सांगितलं. तिच्याशी मी कधी जर्मन बोलत नाही, हा माझाच हट्ट, पण ते वाक्य मी जर्मनमध्ये बोललो. मराठीत ते तोंडातून निघेना. जर्मनमध्ये ते ऑफिसातल्या निरोपासारखं सहज निघालं, याची मला आजही लाज वाटते.

"कधी?" तिने विचारलं.

"मागच्या रविवारी."

रांग पुढे सरकली. "मग तू रोज झोपली म्हणत होतास, तेव्हा?"

"तेव्हा ती नव्हती."

काउंटरवरच्या बाईंनी कोट दिले. मी नेहमीसारखा वाकलो, पण तिने गळ्यापर्यंतची सगळी बटणं स्वतःच लावली. बाहेर कामगार राजवाड्याच्या भिंती गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होते. उद्या दुसरं गाव.

एस-बान लोकलमध्ये ती माझ्या शेजारी न बसता समोर बसली, खिडकीकडे तोंड करून. रडली नाही. ते ती माझ्याकडून शिकली असेल, असं वाटलं. डबा उबदार होता, आठवडाभर मला नीट झोप नव्हती. माझे डोळे मिटले.

गुडघ्यावर तिचा हात पडला, जोरात.

"बाबा, झोपू नको."

हे ती जर्मनमध्ये म्हणाली की मराठीत, ते मला खरंच आठवत नाही. घर येईपर्यंत तिने तो हात काढला नाही आणि मी डोळे उघडे ठेवले.