डाव्या हातातल्या बांगड्या

लेथमशीनला मी पहिल्या दिवशी घाबरत होते आणि शेवटच्या दिवशीही घाबरतच होते. लोक म्हणतात, सवय झाली की भीती मोडते. माझी मोडली नाही.

आमचं घर बेळगावात, खानापूर रस्त्याच्या अंगाला. मागं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक जुनं लेथ. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, त्यावर फौंड्रीवाल्यांची बारीकसारीक कामं करायचे. ज्यांनी लेथ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याला लोखंडाचा एक मोठा गोल जबडा असतो, त्याला चक म्हणतात. त्यात धातूचा दांडा आवळायचा. मोटर चालू केली की चक दांड्यासकट गरगरा फिरतो. मग धारदार टूल लावून हवा तो आकार काढायचा. चकला माणूस कळत नाही. जे सापडेल ते तो गुंडाळून घेतो.

ऐंशी साल लागायच्या दोन-तीन वर्षं आधी त्यात मालकांच्या सदऱ्याची बाही सापडली. चालू मशीनवरून हात पलीकडं घातला होता, एवढंच. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि अंगठा ताठ झाला. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं, तेवढ्यात मी शेड धुतली. चकभोवती बाहीचं कापड इतकं घट्ट बसलं होतं की विळ्यानं कापून काढावं लागलं. एक बोट खालच्या ट्रेमध्ये सापडलं, धातूच्या किसात. ते मी परड्यात पुरलं आणि कुणाला सांगितलं नाही.

अपघाताच्या आधीच मालकांनी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीचं काम धरलं होतं. वखारीत तंबाखूचे बोद असतात, म्हणजे गोणपाटात शिवलेले मोठे गठ्ठे. त्यांवर नाव-नंबर घालावा लागतो. आधी ब्रशनं घालायचे, रंग ओघळायचा. मग बाजारातले मार्कर आणले. ते प्लास्टिकचे, बारीक, थोड्या दिवसांत वाळायचे आणि फेकून द्यावे लागायचे. म्हणून तिथल्या दिवाणजींना शाई पुन्हापुन्हा भरता येईल असे ॲल्युमिनियमचे मार्कर हवे होते, आणि तेही लिहिणाऱ्याच्या मुठीच्या मापाचे. वखारीत लिहिणारे चौघं. दिवसभर उभं राहून लिहायचं, तंबाखूच्या धुळीनं आणि घामानं हात निसटायचा. दिवाणजींनी चार लाकडी दांडके आणून दिले. ज्याच्या मुठीला जो बसला त्यानं त्यावर आपली खूण कोरली होती. एक तर कुदळीच्या दांड्याएवढा जाड. प्रत्येकाच्या मापाच्या नऊ-नऊ बॉड्या, म्हणजे मार्करच्या रिकाम्या नळ्या, हव्या होत्या. शाई आणि टोकाला लावायचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, हे वखारवाले बघणार होते.

अपघाताचं कळल्यावर दिवाणजी स्वतः येऊन गेले. चांगला माणूस. म्हणाले, काम दुसरीकडं देतो, तुम्ही जिवाला जपा. मालक म्हणाले, नको, होईल. ते गेल्यावर मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकऱ्या करत होते. मला कळलं.

"तू हुबी ऱ्हा. मी मागं बसून सांगतो," ते म्हणाले.

मी चौथी शिकलेली. पट्टीवरचे आकडे वाचता यायचे. दहा वर्षं त्या शेडमधला कीस झाडून काढला होता, त्यामुळं कुठलं टूल कशाला लागतं ते बघून माहीत होतं. बघणं आणि चालू मशीनपुढं उभं राहणं यात किती फरक आहे ते पहिल्या सकाळी समजलं. स्विच दाबला आणि मी एक पाऊल मागं सरले. मालकांना ते दिसलं असणार, पण ते फक्त म्हणाले, टूल हळू आत घे.

त्याआधी बांगड्यांचं झालं होतं. माझ्या दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. लेथवर बांगडी चालत नाही हे कुणालाही कळतं. मी त्या काढायला बसले तर सासूबाई चुलीपासून उठून आल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. अपघात झाल्यापासून त्या एकच सांगायच्या, की हिच्या बांगड्यांनी माझा लेक वाचला.

"एकदा बचावलाय. आता हात मोकळा करून त्याला घालवतीस व्हय गं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. मला स्वतःला ते खरं वाटत होतं का, हे आजही सांगता येत नाही. तेव्हा मालकांना रोज संध्याकाळी कणकण यायची, जखम ओलीच होती. बांगड्या काढल्या आणि त्यांना काही झालं तर? आणि नाही काढल्या तर माझा हात जाईल. मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, पण आईपुढं आणि स्वतःच्या मरणापुढं गप्प बसला.

मग आत्तींनीच तोड काढली. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत बांगड्यांवर घट्ट गुंडाळून गाठी मारल्या. मालकांनी गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, बसलीय. ज्याचा हात सदऱ्याच्या बाहीनं गेला, त्यानं माझ्या हाताला कापड बांधू दिलं. मीही बांधून घेतलं. तिघांपैकी एकाच्याही तोंडातून ते निघालं नाही.

काम म्हटलं तर सोपं होतं. दांड्याचा तुकडा चकमध्ये आवळायचा, तोंड सपाट करायचं, आतून पोकळ करायचं, म्हणजे शाईचा कापूस मावतो. पुढं नमद्याच्या टोकापुरतं बारीक भोक, टोपणासाठी बाहेरून आटे. टोपण सैल झालं तर शाई उडून जाते, म्हणून आटे नीट पडले पाहिजेत. टूलवर रॉकेलचा थेंब सोडत राहायचं. पकडीच्या जागी खरखरीत खाचा पाडायच्या आणि बाकीची बॉडी पॉलिशपेपरनं गुळगुळीत करायची. पहिल्या सहा बॉड्या मी फुकट घालवल्या. मालक ओरडले नाहीत. म्हणाले, आण हिकडं, ह्याचा लाटण्याला उपयोग हुईल.

मी भीत होते ते पॉलिशला. टूल असतं तेव्हा हात लांब असतात. पॉलिशपेपर मात्र दोन्ही हातांनी धरून फिरत्या बॉडीवर दाबायचा असतो, आणि डावा हात चकपासून चार बोटांवर येतो. मी श्वास धरून उभी राहायचे. बॉडी झाली की हाताची बोटं मोजायचे. खोटं वाटेल, पण खरंच मोजायचे.

आठव्या का नवव्या दिवशी, जाड मापाच्या बॉडीला पॉलिश करताना, डाव्या हाताच्या पट्टीची गाठ सुटली. मला कळलं नाही. रॉकेलनं कापड ओलं झालेलं, गाठ ढिली पडली असणार. एक टोक लोंबलं आणि चकनं उचललं. हिसका खांद्यापर्यंत आला. माझा हात आपोआप पुढं चालला होता, कुणी मनगट धरून ओढावं तसा. मी पाय मशीनला लावून मागं रेटलं. ओरडले की नाही ते आठवत नाही. मालकांनी डाव्या हातानं स्विच पाडला, पण स्विच पाडला म्हणून चक लगेच थांबत नाही. तो आपल्या गतीनं फिरत राहतो. बांगड्या एकामागून एक पिचत होत्या आणि मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

मग कापड टर्रकन फाटलं आणि मी मागं पडले. ते धोतर अगदी विरलेलं होतं. आत्तींनी नवं कापड घेतलं असतं तर हात गेला असता.

मनगटात काचा रुतल्या होत्या. एक नस थोडक्यात वाचली, असं नंतर कंपाउंडर म्हणाला. मालक माझा हात धरून उलटापालटा करून बघत होते आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. आत्ती दारात उभ्या. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आत्ती खाली बसून काचेचे तुकडे पदरात वेचायला लागल्या.

मी उजव्या हाताची पट्टी सोडली आणि त्या हातातल्या बांगड्या तिथंच उतरवल्या. साबण नव्हता, रॉकेल लावून उतरवल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. मी म्हणाले, "आत्ती, माझा हात मला पायजे."

त्यांनी वर बघितलं नाही. त्या बांगड्या उचलून देवापाशी ठेवल्या.

चार दिवसांनी जखमेवरची पट्टी सुटल्यावर मी पुन्हा मशीनपुढं उभी राहिले. मोकळे हात, पोलक्याच्या बाह्या वर दुमडलेल्या, पदर कमरेला दोनदा खोचलेला. आता हाताची भीती निम्मी झाली होती, पण दुसरी वाढली. मालक मागं स्टुलावर बसायचे. जरा वेळ आवाज आला नाही की मला वाटायचं, गेले. मी मान वळवून बघायचे. चालू मशीनवर मान वळवायची नसते, त्यात पॉलिशपेपर हातात. पहिल्याच तासात मी तीनदा वळले. तिसऱ्यांदा पेपर चकला घासला.

मालकांनी मशीन बंद करायला लावलं.

"काय बघतीस मागं?"

मी माझ्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं. त्यांना समजलं.

"मागं बघायचं न्हाय. मी बोलत ऱ्हातो. माझा आवाज येतोय तवर म्या हाय म्हणून समज."

मशीन चालू झालं. मुळात ते कमी बोलणारे. मग निपाणीच्या मोटारीचे थांबे म्हणायला लागले, कंडक्टरसारखे, मोटरच्या आवाजावर आवाज चढवून. काकती, होनगा, हत्तरगी, संकेश्वर. मध्ये कोण चढलं, कोण भांडलं, कुणाची कोंबडी सुटली, तेही घालत होते. मी पुढं बघत पॉलिश करत होते.

पहिली बॉडी उतरवली तेव्हा ते संकेश्वरला पोचले होते. त्या दिवशी ते निपाणीला जाऊन तीनदा बेळगावला परत आले. सात बॉड्या झाल्या. संध्याकाळी त्यांचा घसा बसला होता. आत्तींनी हळदीचं दूध केलं, दोन पेल्यांत, आणि एक माझ्यापुढं सरकवला.