नऊ मिनिटं पुढे

तो आमच्या भंडाऱ्याच्या कार्यालयात एकदाच आला. नाव त्यानं सांगितलं असावं; मी लक्ष दिलं नाही. सगळ्या संगणकांच्या वेळा नेटवर्कवरून एकसारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर बसवणं हे त्याचं काम. पडद्यावरची प्रत्येक ओळ तो बोट ठेवून वाचत होता.

हजेरीच्या मशीनपाशी तो थबकला. या मशीनचं उद्घाटन साहेबांनी फीत कापून केलं होतं, पाऊण तास उशिरा येऊन.

"हे बसवल्यापासून नऊ मिनिटं पुढं चालून राहिलं जी," तो म्हणाला. "नेटवर्कवर कोनाले टाइम विचारतच नव्हतं."

कारध्याहून पूल ओलांडून पायी येणाऱ्या सफाईवाल्या बाईला याच मशीननं दाखवलेल्या सात-आठ मिनिटांच्या उशिरापायी आम्ही गेल्या महिन्यात काढलं होतं. पत्र मीच टाइप केलं होतं. न राहवून मी त्याला ते सांगितलं.

त्यानं कामाच्या अहवालात नऊ मिनिटांची ओळ लिहिली. "हे दाखवलं त बाईले परत घ्यावं लागते."

साहेबांनी अहवाल वाचला. "आजपासून बरोबर झालं ना? मग मागचं कायले उकरून राहिला? ती ओळ खोड."

"मी नाही खोडत, साहेब. जे दिसलं तेच लिवलं."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी ओळ खोडली.

त्यानं खोडलेल्या जागी माझी सही मागितली. "वेळबी टाका जी," तो म्हणाला.

मी मशीनकडे पाहून वेळ टाकली. ती सेकंदापर्यंत बरोबर होती.