स्तूपाभोवतीची रांग

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पण काठमांडूची गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली, कारण तोंडानं सांगायला गेले की मी अर्ध्यातच लाजून थांबते.

आम्ही चंडीगडला राहतो. हे सेक्टर ३९ मधल्या सरकारी कँटीनमध्ये स्वयंपाकी आहेत. पाच वर्षांची मुलगी आम्ही महाराष्ट्रातल्या एका आश्रमातून दत्तक घेतली. दत्तकाचा हुकूम हातात आला त्याच आठवड्यात हे मोहालीच्या टूरवाल्याकडे तीन जागांचे पैसे भरून आले. "परदेश दाखवतो तुम्हा दोघींना," म्हणाले. परदेशाला विमान लागतं अशी माझी समजूत. आम्ही बसनं गेलो.

मुलगी मला पहिल्या दिवसापासून आई म्हणायची. ऐकून मी रडले होते. मग कळलं, ती शेजारणीलाही आई म्हणते आणि भाजीवालीलाही. आश्रमात सांभाळणाऱ्या सगळ्याच बायकांना आई म्हणायची पद्धत होती. कुणीही बोट पुढं केलं की ही निघाली. मी कुणाला बोलले नाही, पण मनात सारखं यायचं, हिला मी वेगळी कधी कळणार?

आश्रमातली आणखी एक सवय ती घेऊन आली होती. तिथं बाहेर निघालं की मुलं रांगेनं चालायची. पहिल्यानं आईचा पदर धरायचा, दुसऱ्यानं पहिल्याचा शर्ट, असं शेवटपर्यंत. चंडीगडच्या बाजारात ती माझा पदर धरून यायची. पण नेपाळला निघताना खालच्या मजल्यावरची पंजाबीण म्हणाली, "साडी में इतना सफर करेगी? पागल है?" आणि तिनं माझ्यासाठी सलवार-कमीज शिवला. ते बघून हे म्हणाले, "वा! आता भाषा तेवढी शीक." ओढणी घसरायला नको म्हणून मी ती दोन्ही खांद्यांना पिना लावून पक्की केली. पोरीला धरायला काही उरलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काठमांडूत एक मोठा पांढरा स्तूप आहे, वर डोळे काढलेले. लोक त्याच्याभोवती एकाच दिशेनं फिरत असतात. हे बसवाल्याशी जेवणाचं बोलत मागं थांबले. मी त्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि खाली बघते तर मुलगी पुढं गेलेली. एका नेपाळी बाईच्या लाल साडीचा पदर धरून ऐटीत चालली होती. त्या बाईला पत्ताच नाही.

हाक मारायला तोंड उघडलं, पण एवढ्या लोकांत ओरडायची लाज वाटली. पळत गेले आणि हाताला आला तो तिच्या फ्रॉकचा घेर धरला. ओढून घ्यावं, चांगलं रागवावं, असं मनात होतं. तिनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा असा फुलला!

"तू मागची?" म्हणाली. "सोडू नको हं. मागची सोडत नसते."

आणि पुन्हा पुढं बघून चालायला लागली. मग मी सोडलंच नाही.

आमच्या बसमधल्या एक म्हाताऱ्या बाई, सगळे त्यांना बीजी म्हणायचे, धापा टाकत आल्या. "ओए, ये कौन सी गाडी है?" म्हणत त्यांनी मागून माझा कमीज पकडला. त्यांच्यामागं बसमधली आणखी माणसं लागली. हे आले ते विचारत, "तिकीट कुठं मिळतं?" लाल साडीवालीला पदर जड लागला असावा. ती वळली, मागची वरात बघून पोट धरून हसली, पण पदर ओढून घेतला नाही. आख्खी फेरी पूर्ण करून मगच सोडवला. मी त्या गर्दीत मोठ्यांदा हसत होते, मी!

नंतर मुलीला कबुतरांना मका घालायचा होता. आमच्याकडं नेपाळी सुटे नव्हते. बीजींनी मक्याचे दिले, मग लाल मण्यांच्या माळेचेही दिले.

पुढचे सगळे दिवस मुलगी जाईल तिथं मला मागं उभी करायची आणि वळून वळून बघायची. देवळं कमी, मलाच जास्त बघितलं तिनं. दुसरं कुणी मागं आलं की सांगायची, "तुम्ही नाही. ही."

परतताना बीजी पेंगत पेंगत मोहालीला उतरल्या आणि पैसे राहूनच गेले. हे म्हणाले, "त्या विसरल्यापण असतील." मला चैन पडेना. रविवारी मुलीला घेऊन, पत्ता विचारत, मी एकटी मोहालीला गेले.

"दो सौ रुपये के लिए आई?" बीजी ओरडल्या. "रख अपने पास! बच्ची को दिए थे." गरम पराठे खाऊ घातले. मग मुलीला मांडीवर ओढून म्हणाल्या, "तू यहीं रह जा. रोज पराठा. मम्मी को भेज देते हैं."

थट्टाच होती, तरी मी हातातलं ताट खाली ठेवलं. मुलीनं तोंडातला घास संपवला.

"डब्बे में दे दो," ती म्हणाली. "हम घर जाके खाएंगे."

मांडीवरून उतरली, दारातल्या माझ्या चपला उचलून आणल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं.

बीजी हसता हसता खोकायला लागल्या. "चल, ला पैसे. तुम दोनों से कौन जीतेगा!" मी दोन नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या कपाळाला लावून बटव्यात टाकल्या. सगळे पैसे फिटले.